भाजलेला सुनेला नकली नसतो

गुरुपुष्यामृत जवळ आला की हा मेसेज फिरायला लागतो: ‘सुनेला म्हणजे स्वस्तातला पुष्कराजच. फक्त भाजलेला घेऊ नका, तो नकली. रंग जितका गडद, तितका खडा अस्सल. काचेवर घासा, ओरखडा उठला की डोळे मिटून घ्या.’

पहिलंच वाक्य चूक. सुनेला, म्हणजे सिट्रीन, हा क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकाच्या घरातला. पुष्कराज कोरंडम, माणकाच्या घरातला. मोह्सच्या मापावर एकाचा कठीणपणा 7, दुसऱ्याचा 9. तेवढ्याच आकाराचा पुष्कराज वजनाला दीडपट भरतो. ग्रहांचं तुमच्या गुरुजींना विचारा, पण खनिज म्हणून दोघांचा काही संबंध नाही.

भाजण्याची भीती तर निव्वळ अज्ञानातली. बाजारातला बहुतेक सुनेला मुळात जांभळा ॲमेथिस्ट असतो, तोही क्वार्ट्झच, बराचसा ब्राझीलचा. काही शे अंशांवर तापवला की आतल्या लोहामुळे तो पिवळा-केशरी होतो. हा रंग टिकतो आणि क्वार्ट्झ क्वार्ट्झच राहतो. न तापवलेला सुनेला मिळतो, पण कमी, आणि बऱ्याचदा फिकट. तापवलंय की नाही याचा छडा प्रयोगशाळेलाही दर वेळी लागत नाही. मग ‘नॅचरल कलर’ म्हणून जादा मागितलेले पैसे नुसत्या शब्दावर का द्यायचे? नकली म्हणायचं तर सुनेला म्हणून विकलेल्या पिवळ्या काचेला म्हणा.

गंमत म्हणजे गडद लालसर-तपकिरी छटा बहुतेक तापवूनच येते. म्हणजे भाजलेला टाळा म्हणणारा मेसेज पुढच्याच वाक्यात भाजलेलाच घ्यायला सांगतोय!

काचेवर ओरखडा कुठलाही क्वार्ट्झ काढतो, कारखान्यात वाढवलेलासुद्धा. वर पैलूंच्या कडांचे टवके उडायचे ते वेगळंच. त्यापेक्षा सोनाराकडून दहापट भिंग मागा. आत गोल बुडबुडे दिसले तर बहुधा काच आहे. कारखान्यातला क्वार्ट्झ मात्र भिंगाने सहसा ओळखू येत नाही, त्यामुळे बिलावर ‘नैसर्गिक सिट्रीन’ आणि ‘तापवलेला’ किंवा ‘न तापवलेला’ हे लिहून घ्या.

मेसेजमध्ये नाही ती गोष्ट म्हणजे घडाई. कच्चा माल स्वस्त, म्हणून पैसे मोजायचे ते पैलूंसाठी. खडा छापील कागदावर पालथा नाही, सुलटा, म्हणजे मोठा सपाट पैलू वर करून ठेवा. मधोमध अक्षरं स्वच्छ वाचता आली, तर तो उथळ कापलाय, घालून चमकणार नाही. आणि रोजच्या अंगठीपेक्षा पेंडंट किंवा कानातलं करा. धुळीतही क्वार्ट्झचे कण असतात. बोटातल्या खड्याच्या कडा काही वर्षांत बोथट होतात.