अडीचशेचा गर्डर

साताऱ्यातलं आमचं घर वडिलांनी 1971 साली बांधलं. कोयनेच्या भूकंपाला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. 11 डिसेंबर 1967 च्या त्या पहाटे आमची सगळी आळी पांघरुणासकट रस्त्यावर आली होती आणि वडिलांनी तो धसका पुढे विटांवर काढला. गवंडी साडेचार इंची म्हणाला की हे नऊ इंची म्हणायचे. त्यामुळे आमच्याकडे खिळा ठोकायचा तर दोन माणसं लागतात, एक ठोकायला आणि दुसरा वाकलेले खिळे सरळ करायला.

अशा या घराच्या मागच्या अंगाला आम्ही स्वयंपाकघर वाढवायला काढलं. मागची खोली तीन महिन्यांत उभी राहिली, नगरपालिकेच्या कागदांसकट. आता जुनं स्वयंपाकघर आणि नवी खोली यांच्यामध्ये फक्त एक भिंत होती.

"भिंतीचं काय मालक, दोन दिसात आडवी करतो," मिस्त्री म्हणाला. त्या रात्री मी शांत झोपलो. त्यानंतर थेट वीस दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी मित्राचा मुलगा आला. तो इंजिनिअर आहे. मी त्याला अर्ध्या चड्डीत आमच्या पेरूवर चढताना पाहिलेलं असल्यामुळे त्याच्या ज्ञानावर माझा तितकासा विश्वास नव्हता. त्याने भिंतीवर टकटक केलं, माडीवर जाऊन आला, टेप लावला आणि म्हणाला, "काका, हिच्यावर वरच्या खोलीची भिंत उभी आहे. ती एकटीच पाच टनांच्या घरात जाते. दोन्ही स्लॅबचा वाटा धरला की बारा टन."

पाच टन म्हणजे चांगला पोसलेला हत्ती. एक माडीवर उभा आणि दीडएक त्याच्या आजूबाजूला. पन्नास वर्षं आम्ही त्यांच्या पायाखाली पोळ्या लाटत होतो आणि भिंतीने कधी हूं की चूं केलं नव्हतं.

"बारा फुटांचं तोंड काढायचं तर वर दोन गर्डर लागतील. अडीचशेचे."

"अडीचशेला गर्डर मिळतो?" आई कोपऱ्यातून म्हणाली. "मग दोन कशाला, चार आणून ठेवा."

अडीचशे म्हणजे मिलिमीटरमध्ये गर्डरची उंची. किंमत मी तुम्हाला सांगत नाही, आईलाही अजून सांगितलेली नाही. वजन मात्र सांगतो. मीटरला साधारण 37 किलो. तोंड बारा फूट असलं तरी गर्डर दोन्ही टोकांना फूटफूटभर बसायला हवा, म्हणजे चौदा फूट, म्हणजे एकेक नग 160 किलोचा. शिवाय तो नुसता विटांवर टेकवायचा नाही, वीट चिरडते. टोकांखाली आधी काँक्रीटचे ठोकळे ओतायचे आणि त्यांना आठवडाभर पाणी मारायचं. पाणी मारायचं काम माझ्याकडे आलं. बँकेत पस्तीस वर्षं काढल्यावर घरात मला जमण्यासारखं तेवढंच काम होतं.

गर्डर टेम्पोतून आले आणि बोळाच्या तोंडाशी अडले. आमच्या बोळाला घराजवळ काटकोनात वळण आहे. चौदा फुटी वस्तू तिथे वळत नाही, हे आम्हाला सहा जणांनी ती खांद्यावर घेतल्यावर कळलं. पुढचे दोघे वळणापलीकडे, मागचे दोघे रस्त्यावर, मधले दोघे भिंतीला चिकटलेले. मिस्त्री वाकून बघत म्हणाला, "थोडा कापला तर?" इंजिनिअरने त्याच्याकडे असं पाहिलं की मिस्त्रीने तंबाखूची पुडीच परत खिशात ठेवली.

आता उरला एकच रस्ता, मागच्या बंगल्याच्या आवारातून. तिथे अण्णा राहतात. अण्णांशी आमचं आठ वर्षं बोलणं नव्हतं. कारण कढीपत्ता. झाड त्यांचं, फांद्या आमच्याकडे, आणि त्या छाटल्या कोणी याचा निकाल अजून लागलेला नाही. (मीच छाटल्या. पण ते इथे सांगतोय, तिथे नाही.)

मी फाटकाशी उभा राहून "अण्णा" म्हणालो. आठ वर्षांनी नेमकं काय म्हणतात ते ठाऊक नसल्याने पुढे लगेच "गर्डर आलाय" म्हणालो.

अण्णा पंचा खांद्यावर टाकून बाहेर आले. गर्डरकडे बघितलं, त्याची कड बोटांनी मोजली. "किती एमएमचा?"

"अडीचशे."

"बारा फुटाला? बरोबर आहे." अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, हे मी रागाच्या भरात विसरूनच गेलो होतो. त्यांनी फाटक उघडलं, तुळशीवृंदावन स्वतः सरकवलं आणि पुढचे आठ दिवस आमच्याच मागच्या दारात खुर्ची टाकून बसले. इंजिनिअरपेक्षा त्यांचाच मिस्त्रीला जास्त धाक होता.

भिंत पाडायच्या आधी वरचा भार दुसऱ्या कशावर तरी पेलायचा असतो. त्यासाठी स्लॅबच्या थोडं खाली भिंतीला पाच भोकं पाडून आरपार लोखंडी तुकडे घातले. इंजिनिअर त्यांना नीडल म्हणत होता. सुया कसल्या, दाभणं होती ती. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांखाली एकेक टेकू, म्हणजे दहा. स्लॅबखाली आणखी आठ. स्वयंपाकघराचं जंगल झालं. गॅसपासून फ्रीजपर्यंत जायला मला तीन वळणं पडत आणि हिला एकही नाही, कारण ती मला पाठवत असे. तिसऱ्या दिवशी टेकूच्या आट्यांवर पिशव्या लटकू लागल्या. पाचव्या दिवशी दोन टेकूंना दोरी बांधून आईने पंचे वाळत घातले. इंजिनिअर हात जोडून म्हणाला, "आजी, यावर घर उभं आहे."

"मग पंच्याचं काय ओझं होणार आहे?" आई म्हणाली. याला त्याच्या पुस्तकात उत्तर नव्हतं.

वरची खोली त्याने रिकामी करायला लावली होती. ती आईची खोली. तिचा पलंग आम्ही पुढच्या खोलीत आणला. माडीच्या भिंतीत एक जुनी चीर होती, तिच्यावर त्याने काचेची बोटभर पट्टी प्लास्टरने चिकटवली. भिंत हलली की काच तडकते, आणि काच तडकली की त्याला फोन करायचा, रात्री-अपरात्री कधीही. झालं, माझी झोप गेली.

भिंत पाडली त्या रात्री अडीच वाजता माडीवर "कट्" असा आवाज झाला. मी ताडकन उठलो. परत "कट्". मी बॅटरी आणि फोन घेऊन जिन्यावर चढलो. जाताना हिला म्हणालो, "तू पोरांना घेऊन बाहेर पड." पोरं पुण्यात असतात, हे तिने मला नंतर सांगितलं. वर गेलो तर काच शाबूत, आणि आई तिच्या खोलीत जमिनीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होती.

"झोप येईना खाली," ती म्हणाली. "तुला पण आली नाही का?"

सकाळी चेनपुलीने गर्डर चढवले. 160 किलोची वस्तू साखळीवर कटकट करत चढताना कोणीच बोलत नाही. दोन्ही गर्डर शेजारी-शेजारी बसले, बोल्टने आवळले, वरच्या फटीत पोलादी पाचर ठोकून ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ माल, भरला. "भार आला की चार-पाच मिलिमीटर वाकेल," इंजिनिअर म्हणाला. हिने "वाकेल?" असं विचारताच अण्णा खुर्चीतून म्हणाले, "वहिनी, न वाकणारं मोडतं." मग कढीपत्त्याच्या झाडाकडे एकदा बघितलं आणि गप्प बसले.

आठवड्याने टेकू निघाले. मी डोळे मिटून उभा होतो. उघडले तर स्वयंपाकघर एवढं मोठं झालेलं की हिची हाक पहिल्यांदाच मला ऐकू आली नाही, असं मी सांगितलं.

फक्त आई खट्टू होती. त्याच भिंतीवर वडिलांनी ठोकलेला खिळा होता, त्याला कॅलेंडर, आणि त्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब. "आता हे लावू कुठं?" लोखंडात खिळा जात नाही. मिस्त्री गर्डरला जाळी मारून प्लास्टर करायच्या तयारीत होता, घमेल्यात माल कालवलेला. तेवढ्यात आईने फ्रीजवरचा आंब्याच्या आकाराचा लोहचुंबक काढला, स्टुलावर चढली आणि कॅलेंडर गर्डरला चिकटवलं.

मिस्त्रीने थापी खाली ठेवली. प्लास्टर राहिलंच. गर्डरला नुसता राखाडी रंग दिलाय, आणि "आज अर्धा लिटर जादा" हे वाचायला मला रोज सकाळी स्टूल लागतं.