बिएलची रद्दी, बेळगावची नोटीस

गेल्या ऑक्टोबरात पुतण्यानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन पानांचा फोटो टाकला. सगळा मजकूर कानडीत, खाली निळा शिक्का. "काका, यात काय लिहिलंय?" 1 नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधात निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीआधी पोलिसांचा असा कागद येणं बेळगावातल्या आमच्या गल्लीला नवं नाही. मलाही त्यातला एक आकडाच वाचता आला, 126. म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 126, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 107. शांतता राखीन असं जास्तीत जास्त एका वर्षासाठी लिहून द्यायचं.

मी उत्तर लिहीपर्यंत त्याच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या चुलत दादाचा मेसेज आला. "कायदा वाचून काय करतोस? वकील कशाला हाईत? गप सही करून ये."

दादा प्रेमानंच बोलला, पोराच्या काळजीनं. पण ते वाक्य मला महिनाभर झोंबत राहिलं, कारण लहानपणापासून मी तेच ऐकत आलोय. कोर्ट आणि पोलीस या दोन गोष्टींचा कायदा आपण वाचायचा नसतो, त्यांच्यापासून लांब राहायचं असतं. अहो, पण तेच दोघं माणसाला घरातून उचलून नेऊ शकतात! मग नेमका त्यांचाच कायदा सोडून बाकी सगळं वाचायचं?

मी राहतो त्या स्वित्झर्लंडमधल्या बिएलमध्ये गल्लीच्या पाट्याही जर्मन-फ्रेंच अशा दोन भाषांत असतात. 2019 च्या फेब्रुवारीत बर्न कँटननं, म्हणजे इथल्या राज्यानं, नवा पोलीस कायदा मतदानाला टाकला होता. अंगझडती कधी घ्यायची, जागेवरून हुसकावून कधी लावायचं, कलमं छापलेली पुस्तिका प्रत्येक मतदाराच्या घरी गेली. मला ती जिन्याखाली सुतळीनं बांधलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यात मिळाली, शेजारच्या बाईंची. त्यांनी समासात पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. त्या बेकरीत काम करतात, वकील नाहीत. कायदा मंजूर झाला. पुढे लोकच न्यायालयात गेले आणि लोझानच्या, म्हणजे इथल्या सर्वोच्च, न्यायालयानं त्यातली काही कलमं उडवली. आधी वाचला होता, म्हणून तर भांडता आलं.

कँटनमध्ये फ्रेंच बोलणारे दहा टक्क्यांच्या आसपास, तरी प्रत्येक कायदा त्यांच्या भाषेत आहे. बेळगाव जिल्ह्यात मराठी माणूस 15 टक्क्यांहून जास्त. आणि एवढी संख्या असेल तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना अल्पसंख्याकांच्या भाषेत काढायच्या, हे आपल्याच देशात कधीचं ठरलंय. त्यावर लक्ष ठेवायला घटनेच्या 350-ब कलमाखाली आयुक्ताचं पदही आहे. तरीही कर्नाटक पोलीस कायदा, 1963 मला मराठीत कुठेही सापडला नाही. शिनोळीचा नाका ओलांडून महाराष्ट्रातल्या चंदगडच्या माणसाला मात्र त्याचा पोलीस अधिनियम मराठीत मिळतो, आणि तो मूळचा 1951 चा, म्हणजे बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाचा!

कुणी म्हणेल, ही सीमाप्रश्नाचीच री आहे. महाराष्ट्राचा तो दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल कधी लागायचा तो लागो, नोटीस आज आलीय. त्याच न्यायालयानं 1951 मध्येच जयपूर संस्थानचा अफूचा कायदा मोडीत काढला होता, कारण तो लोकांना कळेल असा कधी प्रसिद्धच केला नव्हता. 1962 मध्ये सांगितलं की स्थानबद्ध केलेल्याला त्याची कारणं त्याला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत. हे मी दादाला लिहिलं. त्यानं विचारलं, "तुझ्या बिएलमध्ये मराठीत देतात काय?"

नाही देत. मी जर्मन शिकलो. परवान्यासाठी परीक्षा लागते म्हणून दीड वर्ष रोज रात्री शिकलो. बेळगावात चोवीस वर्षं काढली. खडेबाजारात कानडी बोलून भाजी आणली, कानडी दोस्तांच्या घरी जेवलो, पण आजही कानडी पाटी मला अक्षर अक्षर जुळवून वाचावी लागते. तेव्हा ते मला स्वाभिमानाचं वाटायचं. आता पोराचा कागद पुढे आला आणि काकाला तो वाचता आला नाही, याची लाज वाटते. म्हणून मराठीतल्या कायद्याचा हक्क कमी होत नाही, हे मी आजही तितक्याच ठामपणे म्हणेन. पण मी कुठला, हे मला पूर्वीसारखं चटकन सांगता येत नाही. इथला पोलीस कायदा मी अथपासून इतिपर्यंत वाचला, त्यावर मत देता आलं नाही. तिथे मत दिलं, वाचलं काहीच नव्हतं.

गेल्या रविवारी बसून कलम 126 आणि 130 साध्या मराठीत वहीवर उतरवलं. आदेशात काय माहिती मिळाली ते लिहावं लागतं, जामिनाची रक्कम आणि मुदत लिहावी लागते, सगळं. फोटो ग्रुपवर टाकला. पुतण्यानं लगेच अंगठा दिला. दादा गप्प.

रात्री उशिरा त्याचा मला एकट्याला मेसेज आला. "ती रक्कम आधी भरायची की नुसती लिहून द्यायची?"

"लिहून द्यायची, दादा. अट मोडली तरच भरायची."

"बरं. आणि ते 130 चं पान परत पाठीव, फोटो पुसट आलाय."