कबर नसली तरी नाव असतं

दुसऱ्या महायुद्धात इटलीत पडलेल्या, मराठा पलटणीतल्या आपल्या आजोबांची कबर सापडली नाही, असं सांगणारा लेख वाचला. पण म्हणून त्या लेखकाने शोध सोडू नये ही कळकळीची विनंती. आपल्या अनेक हिंदू जवानांना तिथे अग्नी दिला गेला. त्यांची नावं सांग्रो नदी आणि फोर्ली इथल्या दहन-स्मारकांवर कोरली आहेत. ज्यांचा ठावठिकाणाच उरला नाही, ते कासिनो स्मारकावर. १० जुलै १९४४ ला धारातीर्थी पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगेही तिथेच आहेत!

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या कबरी-स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) यादीत नुसत्या आडनावावर विसंबू नका, इंग्रजी स्पेलिंग कसंही असतं. पेन्शनच्या जुन्या कागदावर शिपाई क्रमांक मिळाला तर त्यानेच शोधा. जिल्हाही जुना धरा: रायगड नव्हे, कुलाबा, सिंधुदुर्गातलं गाव असेल तर रत्नागिरी.