धूर नाही म्हणून शेगडी सुरक्षित नसते

‘निखारे लाल झाले, धूर थांबला की शेगडी आजी-आजोबांच्या खोलीत ठेवून दार लावा, शेजारी पाण्याचं भांडं ठेवा,’ असा मेसेज फिरतोय. कृपा करून असं करू नका, हे जिवावर बेतेल. लाल निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. पाणी त्याला अडवत नाही. डोकं जड होणं, मळमळ, गरगरणं याला ‘थंडी बाधली’ समजून घरचे खिडकीही लावून घेतात! असा त्रास होणाऱ्याला आधी मोकळ्या हवेत आणा, १०८ला फोन करा.

झोपण्याआधी शेगडी राखेसकट बाहेर काढा. राखेखाली निखारा धुमसतच असतो. अंथरुणात गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवा, झोपताना काढा. मधुमेहात पायांना चटका कळेलच असं नाही.