‘एनपीटीवर सही नाही, म्हणजे निर्यातीला मोकळं रान’ हे खोटं आहे

नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्याच्या उद्योजकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘भारताने एनपीटीवर सही केलेली नाही, त्यामुळे रसायनं, यंत्रं बाहेर कुणालाही विका.’ एनपीटी म्हणजे अण्वस्त्रांचा प्रसार रोखणारा आंतरराष्ट्रीय करार. मेसेजचा पहिला भाग खरा, दुसरा साफ चूक.

सही नसली तरी बंधनं आपण स्वतः घालून घेतली आहेत. सामूहिक संहाराच्या (अण्वस्त्र, रासायनिक, जैविक) अस्त्रांविरुद्धचा आपला कायदा २००५ चा. २०२२ च्या दुरुस्तीने अशा अस्त्रांच्या कामाला पैसा पुरवणंही गुन्हा ठरलं. रासायनिक अस्त्रबंदी करारावर तर भारताने १९९३ मध्येच सही केली आणि २००९ पर्यंत स्वतःचा साठा नष्ट केला.

आपल्या गोदामातला ट्रायइथेनॉलअमाइन या रसायनाचा ड्रम घ्या. क्रीममध्ये, सिमेंट दळताना रोज वापरतो. पण त्यापासून मस्टर्ड वायूच्या वर्गातलं विषारी अस्त्रही बनू शकतं, म्हणून ते याच रासायनिक कराराच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे नजर ठेवायच्या रसायनांच्या यादीत, आहे. असा माल पाठवण्याआधी डीजीएफटीची (विदेश व्यापार महासंचालनालयाची) ‘स्कोमेट’ यादी, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाची यादी, बघावीच लागते. कळकळीने सांगतो, दलालाच्या तोंडी भरवशावर राहू नका; घेणारा त्याचं काय करणार, हे लेखी मागा. आणि यादीत नाव नसलं, तरी माल अस्त्रासाठी जातोय हे माहीत असताना पाठवला, तर तो गुन्हाच आहे.