भाड्याचं नाव म्हणजे डुप्लिकेट माल नव्हे

"कोडॅकचे टीव्ही, नोकियाचे फोन सगळे डुप्लिकेट. मूळ कंपन्या कधीच बुडाल्या, आता वाटेल तो ते नाव लावतो. आणि नाव घेतलेल्या कंपनीचा माणूस पोलीस घेऊन दुकानात आला तर गप्प माल द्यायचा." हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्याने गिऱ्हाईक घाबरतं, आणि मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवरच्या छोट्या गाळेवाल्याचं तर थेट नुकसान होतं.

कंपन्या बुडाल्या? ईस्टमन कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला हे खरं. सप्टेंबर २०१३ मध्ये ती त्यातून बाहेर आली आणि अमेरिकेत रॉचेस्टरला आजही फिल्म बनवते. भारतात तिच्या नावाचे टीव्ही सुपर प्लास्ट्रॉनिक्स बनवते, रीतसर परवाना घेऊन. नोकियाने फोनचा धंदा २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टला दिला, पण कंपनी मोबाइल नेटवर्कच्या धंद्यात अजून आहेच. २०१६ मध्ये फोनसाठी ते नाव एचएमडी या फिनलंडच्या कंपनीला मिळालं तेही करारानेच. ट्रेडमार्क कायद्याचं कलम ४८ सांगतं की परवानगीने केलेला वापर हा मालकाचाच वापर धरायचा. मग डुप्लिकेट कसला?

नाव मोठं म्हणून माल चांगलाच, असं मात्र मी म्हणणार नाही. शार्पने अमेरिकेत टीव्हीसाठी आपलं नाव हायसेन्स या चिनी कंपनीला दिलं आणि २०१७ मध्ये, दर्जा घसरतोय म्हणत, तिच्याविरुद्धच कोर्टात गेली. हायसेन्सने आरोप फेटाळले. तेव्हा खोक्यावर पुढचं ठळक नाव वाचून थांबू नका. बाजूच्या बारीक अक्षरांत उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव, पत्ता आणि तक्रारीचा नंबर असतो. टीव्ही बिघडला की फोन तिथेच करायचा असतो.

आता छाप्याचं. बनावट चिन्हाचा माल विकणं गुन्हाच आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. पण नाव भाड्याने घेतलं की आपोआप सगळे हक्क येत नाहीत. ट्रेडमार्कच्या रजिस्ट्रारकडे 'नोंदणीकृत वापरकर्ता' म्हणून नोंद असेल, तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, करारात आडकाठी नसेल तर, नाव भाड्याने घेणारा स्वतःच्या नावाने दावा लावू शकतो. नुसता करार खिशात असेल तर कलम ५३ त्याला तो हक्क नाकारतं. मग दावा मालकानेच लावायचा.

पोलिसांचंही तसंच. त्याच कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे वॉरंटशिवाय झडती घ्यायला उपअधीक्षक किंवा त्या दर्जाचा अधिकारी लागतो, मुंबईत म्हणजे एसीपी (सहायक पोलीस आयुक्त). आणि माल उचलण्याआधी रजिस्ट्रारचं मत घेणं बंधनकारक आहे.

इथे एक मेख आहे. कॉपीराइट कायद्याखाली सब-इन्स्पेक्टरसुद्धा माल जप्त करू शकतो, त्यामुळे लोगो किंवा खोक्यावरचं चित्र पुढे करून तक्रार त्या कायद्याखालीही होऊ शकते. म्हणून दुकानात कोणी आलं की आधी विचारा: तक्रार कोणत्या कायद्याखाली, आणि तक्रारदार नावाचा मालक की भाडेकरू?