पोपटलालचं लग्न लावा, नाहीतर मालिका बंद करा

काल 'तारक मेहता का उल्टा चष्मा'त परत पोपटलालला स्थळ आलं. परत! मुलगी चांगली, घरचे चांगले, सगळी गोकुळधाम सोसायटी खूश, जेठालालच्या हॉलमध्ये बैठक, आणि आपल्याला पहिल्या मिनिटापासून माहीत की हे मोडणार. कसं मोडणार तेही माहीत. कुणीतरी दाराआडून अर्धवट वाक्य ऐकणार, त्याचा भलताच अर्थ काढणार, आणि ज्याला "अहो, तसं नाहीये" एवढं म्हणून विषय मिटवता येईल तो बाबा चार भाग तोंडात मिठाची गुळणी धरून बसणार. मालिका सुरू झाली 2008 मध्ये, आणि हा माणूस अजून छत्री घेऊन बायको शोधतोय. तेव्हा जन्मलेली पोरं कॉलेजात पोचली, पण ह्याचं अजून 'कॅन्सल कॅन्सल' चालूच आहे.

कालची बातमी काय होती? मुलीकडचे म्हणाले, विचार करून कळवतो. बस. एवढंच. त्यावर पोपटलाल म्हणाला, "क्या?" ढॅण्! कॅमेरा जेठालालच्या तोंडावर. ढॅण्! बापूजी. ढॅण्! भिडे, डोळे विस्फारलेले. ढॅण्! माधवी, तोंडावर हात. मग अय्यर, बबिता, सोढी, रोशन, हाथी, कोमल, अंजली, तारक. मग दाराशी उभा अब्दुल, ज्याला काय चाललंय हे माहीतसुद्धा नाही, तरी त्याचंही तोंड दाखवायचं. मग तीच सगळी तोंडं उलट्या क्रमानं, आणखी जवळून. मग जाहिराती. जाहिराती संपल्या की परत त्याच "क्या?"पासून सुरुवात, म्हणजे आधी पाहिलेली सगळी तोंडं पुन्हा! जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटांचा भाग, त्यात गोष्ट पुढे सरकली किती? एक शब्द. तोही प्रश्नार्थक. मी रिमोट सोफ्यावर आपटला आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं, उद्या कळेल ना." उद्या काय कळणार आहे, सासूबाई? उद्या परत "क्या?"

मला कलाकारांबद्दल तक्रार करायचीच नाहीये. लोक लगेच म्हणतात, जुने गेले म्हणून मजा गेली. डॉक्टर हाथी करणारे कवी कुमार आझाद 2018 मध्ये गेले, घनश्याम नायक 2021 मध्ये गेले. माणूस गेला तर कोण काय करणार? घनश्याम नायकांचा नट्टूकाका आजारपणातही कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, त्या माणसापुढे हात जोडावेत. तारक करणारे शैलेश लोढा 2022 मध्ये बाहेर पडले, जेठालालचा टप्पू तिसरा झाला, भिडेची सोनू चौथी झाली. होतं असं इतक्या वर्षांत. चेहरे बदलले तरी लिखाण धड असेल तर आठवडाभरात सवय होते. प्रश्न लिखाणाचाच आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

कारण ही मालिका उभी राहिली ती माणसांच्या स्वभावावर. तारक मेहतांनी 'चित्रलेखा'त 1971 पासून जे सदर चालवलं, त्यात माळ्यावरची, शेजारची, रोजची माणसं होती. सुरुवातीच्या भागांत ते दिसायचं. भिडेची खिडकी टप्पूच्या चेंडूनं फुटायची आणि भांडण व्हायचं ते काचेच्या पैशांवरून. भिडे शिकवण्या घेतो, घर त्यावर चालतं, माधवी लोणची-पापड करते, आणि सखाराम स्कूटर सुरू होत नाही तेव्हा त्याला रिक्षाचे पैसे टोचतात. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला लागत नव्हतं. हा माणूस आपल्या प्रत्येकाच्या बिल्डिंगीत होता! मेंटेनन्ससाठी दारोदार फिरणारा, शिस्तीचा, थोडा किरकिरा, पण गणपतीत सगळ्यात आधी मांडवात हजर. हिंदी मालिकेत मराठी माणूस म्हटला की हवालदार नाहीतर कामवाली, ही आपली सवय मोडली होती ह्या एका भिडेनं. मंदार चांदवडकर जीव ओतून करायचा ते. आणि आता भिडेला काम काय? धापा टाकत यायचं, "अरे देवा" म्हणायचं, डोळे मोठे करायचे, बाजूला व्हायचं. शिकवणी घेताना शेवटचा कधी दिसला तो?

त्यात ती 2020 ची गोष्ट मी अजून विसरलेले नाही. जेठालालच्या वडलांच्या, बापूजींच्या तोंडी वाक्य घातलं की मुंबईची भाषा हिंदी. गोरेगावातली सोसायटी, सेक्रेटरी आत्माराम तुकाराम भिडे, आणि त्याच्यासमोर हे वाक्य! ओरड झाली, मनसेनं दम दिला, मग निर्मात्यांनी माफी मागितली. माफी मागितली ते ठीक, पण मुळात लिहिलं कसं? लिहिणाऱ्याला भिडे ठाऊक असता तर भिडेनं तिथल्या तिथे बापूजींना वाकून नमस्कार करून चूक सुधारली असती, आणि तोच त्या वर्षातला सगळ्यात चांगला प्रसंग झाला असता.

जेठालालच्या बायकोचं, दयाचं तर बोलूच नये, पण बोलणार. ती करणारी दिशा वाकानी 2017 मध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेली. तिनं संसार, मुलं बघायचं ठरवलं असेल तर तो तिचा निर्णय, त्यात तिला कुणी बोल लावू नये. पण तुम्ही काय केलंत? तिच्या जागी कुणाला घेतलं नाही, ती येणार नाही असंही सांगितलं नाही. वर्षानुवर्षं नुसतं आमिष. दयाचा भाऊ सुंदर अहमदाबादहून शब्द देणार, जेठालाल घर सजवणार, प्रोमोत 'हे माँ माताजी' वाजणार, आणि शेवटी दारात कुणीच नाही. 2023 ची दिवाळी आठवा. ह्या दिवाळीला येणार म्हणून घराघरांत म्हाताऱ्याकोताऱ्या वाट बघत बसल्या, आणि ती आली नाही. तेव्हा लोकांनी बहिष्काराचा ट्रेंड चालवला तो उगाच नाही. आमच्या सासूबाई त्या दिवशी जेवताना गप्प होत्या. ह्याला विनोदी मालिका म्हणतात? वयस्कर माणसांच्या भावनांशी चाललेला हा खेळ आहे, आणि मला त्याचा मनापासून संताप येतो.

आणि ते उपदेश! 2014 मध्ये पंतप्रधानांनी स्वच्छ भारतसाठी जी नऊ नावं घेतली त्यात ह्यांची टीम होती. मान मोठा, मान्य. पण तेव्हापासून दर दुसऱ्या गोष्टीत कुणीतरी हात जोडून कॅमेऱ्याकडे बघत भाषण देतंय. पाणी वाचवा, झाडं लावा, फसवणुकीपासून सावध राहा. सगळं बरोबर आहे हो! पण ते पंचायतीच्या बोर्डावर लिहा, मी साडेआठला हसायला बसते. त्यात मधूनच सिनेमाचा हीरो सोसायटीत टपकतो, कारण शुक्रवारी त्याचा सिनेमा लागणार असतो. अख्खं गोकुळधाम नाचतं, पोपटलालचं स्थळ तसंच लटकलेलं. मग भुताचा बंगला. भूत! ज्या मालिकेत सगळ्यात मोठं संकट म्हणजे अंजलीचा कारल्याचा रस होता, तिथे चेटकीण आणून बसवली.

एकटी हीच मालिका दोषी आहे असंही नाही. 'चला हवा येऊ द्या' दहा वर्षं चाललं, पहिल्या काही वर्षांत भाऊ कदम नुसता येऊन उभा राहिला तरी पोट दुखायचं, आणि पुढे पुढे पुरुषाला साडी नेसवली की विनोद झाला अशी पद्धत पडली. साडी नेसलेल्या पुरुषाला बघून मला कधीच हसू आलेलं नाही, येणार नाही, आणि चॅनेलवाल्यांनी हे एकदा लिहून घ्यावं.

आठवड्याला पाच-सहा भाग पाडायचे, चार हजारांच्या वर भाग झाले तरी थांबायचं नाही, मग लेखक बिचारे करणार काय? ताकात रोज तांब्याभर पाणी ओतत जायचं. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवड्याला एकदा यायचं. 2001 ला सुरू झालं, 2005 ला संपलं. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका, घरातली पाच माणसं, आणि लोक अजून त्यांची वाक्यं बोलतात. 'साराभाई' तर दोन वर्षंसुद्धा धड चाललं नाही, तरी इंद्रवदन-मायाची भांडणं घराघरांत पाठ आहेत. ह्या लोकांना थांबता आलं. इथे मात्र टीआरपी येतो म्हणून चालू. टीआरपी येतो कारण आमच्यासारखी घरं जेवताना टीव्ही लावतात आणि सासूबाईंना दुसरं काही बघवत नाही. बाकी सगळीकडे विष घालणाऱ्या सुना आणि कपाळावर बोटभर टिकली लावलेल्या खलनायिका. स्वच्छ, घरच्यांबरोबर बघण्यासारखं एवढं एकच उरलंय, हे त्यांना पक्कं माहीत आहे, म्हणूनच ते काहीही खपवतात.

जेठालाल करणारा दिलीप जोशी अजून आहे. काल त्या सगळ्या ढॅण्-ढॅणमध्ये एक क्षण होता, पोपटलाल खाली मान घालून बसला आणि जेठालालनं काही न बोलता पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला. दोन सेकंद. पार्श्वसंगीत नाही, काही नाही. त्या दोन सेकंदांत दिसलं की हा माणूस काय नट आहे आणि त्याला काय लिहून देताहेत.

करा ना एक शेवट! दयासाठी दुसरी नटी घ्या, नाहीतर ती येणार नाही असं स्वच्छ सांगा. पोपटलालला बोहल्यावर चढवा, भिडेला अंतरपाट धरू द्या, मंगलाष्टकं मराठीत होऊ द्या, अय्यर आणि जेठालालला एका पंगतीत बसवा. महिनाभर लिहायला वेळ घ्या, आणि दिलीप जोशी, पोपटलाल करणारा श्याम पाठक, चांदवडकर ही माणसं त्या आवारात आहेत तोवर हे करून टाका. सासूबाई ऐंशीच्या आहेत. त्यांना पोपटलालचं लग्न बघायचंय.